साळवीचं गाऱ्हाणं आणि बिनगाड्यांची वाट

सायकल चालवताना माणसाला बोलायला दम उरत नाही. म्हणून तो सगळं पोटात साठवतो आणि करक चहाचा, म्हणजे इथल्या कडक दुधाळ चहाचा, कप हातात आला की ओततो. आम्ही चौघं मस्कतला दर शुक्रवारी सकाळी सायकली काढतो आणि शेवटी एका कॅफेटेरियात टेकतो. तिथला मलबारी पोरगा आता आम्हाला पाहिलं की ऑर्डर न विचारता खुर्च्या जरा लांब मांडतो. बाकीच्या गिऱ्हाइकांना शांतता लागते म्हणे.

चौघं म्हणजे कोण, ते सांगतो. मी एसी मेंटेनन्सवाला. कुलकर्णी बँकेत. त्याची सायकल कार्बनची, करंगळीवर उचलता येते. मुकादमभाई दापोलीकडचे, रुस्ताकच्या सूकमध्ये, म्हणजे बाजारात, त्यांचं हार्डवेअरचं दुकान. आणि साळवी, गुहागरकडचा, क्रेन सुपरवायझर. आमच्या किश्शांतले बारा आणे त्याचे.

आणि त्या बारा आण्यांचं मूळ एकच. रुस्ताकच्या रस्त्यावर एका पिकअपने साळवीला उडवलं. मांडीत रॉड बसला. डॉक्टर म्हणाले, काठी घेऊन चालला तरी खूप झालं. सुनंदावहिनी तडक गावी गेल्या आणि ग्रामदेवतेला गाऱ्हाणं घातलं, "हे पायावर उभे राहूंदेत. मोटारीच्या रस्त्यावर पुन्हा सायकल घालणार नाहीत."

साळवी उभा राहिला. काठीही सुटली. पहिल्याच शुक्रवारी त्याने मला फोन केला, "सायकलीत हवा भरून ठेव."

"अरे, गाऱ्हाणं?"

"गाऱ्हाण्यात मोटारीचा रस्ता आहे. सायकल सोडायची असं कुठे म्हटलंय?"

*

झालं! बिनगाड्यांचा रस्ता शोधणं हे आमचं काम होऊन बसलं. ओमानमध्ये डोंगर मिळेल, वाळवंट मिळेल, समुद्र मिळेल. जिथे रस्ता आहे तिथे लँडक्रूझर असणारच.

सूर नावाच्या बंदरगावी ओहोटीच्या वेळी किनाऱ्याची वाळू सिमेंटसारखी कडक होते, असं कुणीतरी मुकादमभाईंना सांगितलं. गेलो. वाळू खरंच कडक होती. धाऊ, म्हणजे लाकडी गलबतं, बांधतात त्या खाडीच्या पुढे आम्ही मजेत लांबवर गेलो, आणि परत फिरलो तेव्हा ओहोटी संपलेली. गुडघाभर पाण्यातून सायकली ओढत आलो. एक म्हातारा ओमानी कोळी जाळं विणत बसला होता. त्याने आमच्याकडे पाहिलं, मग समुद्राकडे पाहिलं, आणि शांतपणे विचारलं, "होडी नाही का मिळाली?"

कुलकर्णीच्या सायकलीची चेन दुसऱ्या दिवशी गंजली. तो आठवडाभर कुणाशी बोलला नाही.

*

मग साळवीची काही महिने दुक्मला बदली झाली. तिकडे रिफायनरीच्या आसपास नवे रस्ते बांधलेत, त्यातले काही अजून उघडलेलेच नाहीत. डांबर नवंकोरं, दिव्यांचे खांब उभे, पट्टे मारलेले, आणि गाडी एक नाही. साळवीने साइटवरच्या माणसाची रीतसर परवानगी काढली आणि आम्हाला बोलावलं. मस्कतहून दुक्म म्हणजे अख्खा दिवस गाडीत. पण तो रस्ता पाहून डोळे निवले.

तासभर चाललो असू. समोर रस्त्याच्या मधोमध उंटांचा कळप, हलायचं नाव नाही. कुलकर्णी म्हणाला, "हा पण ट्रॅफिकच की रे. आता?"

साळवी विचारात पडला. खराखुरा विचारात पडला, हं. त्याच्यासाठी ही थट्टा नव्हती. मग म्हणाला, "उंट चालतो. गाऱ्हाण्यात उंट नाही."

आणि उंटांच्या मधून वाट काढत निघाला.

*

पण नवा रस्ता कधीतरी उघडतोच. दुक्मचाही उघडला आणि ट्रेलर धावू लागले. साळवी तेव्हा पहिल्यांदा खचलेला दिसला. "एकदाच," तो म्हणाला. "एकदाच मला एक वाट या टोकापासून त्या टोकापर्यंत स्वतःच्या पायाने पुरी करायची आहे. मग सायकल विकली तरी चालेल."

कुलकर्णीने शोधून काढलं. स्पेनमध्ये द्राक्षाच्या मुलखात एक जुनी रेल्वे बंद पडली, रूळ उचलले आणि त्याच जागी सायकलची वाट केली. बोगदे तेच, पूल तेच, स्टेशनांत आता खाणावळी. मोटारीला मज्जाव.

साळवी रजा मागायला गेला. त्याचा अर्बाब, म्हणजे मालक, भला माणूस. त्याने नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे तिथली ट्रेन बंद झाली आहे?"

"हो अर्बाब."

"म्हणून तू सायकलने जाणार?"

"हो."

"बस नाही का?"

रजा मात्र दिली. व्हिसाच्या काउंटरवरच्या बाईने हसून विचारलं, "वाइन टूर?" साळवी म्हणाला, "नो मॅडम. नो वाइन. ओन्ली नो कार."

*

तिथे पोचल्यावर सगळ्यात लवकर रुळले ते मुकादमभाई. दुपारी एका गावात पाणी घ्यायला थांबलो तर सगळी दुकानं बंद, खिडक्या बंद, रस्त्यावर एक मांजर. कुलकर्णी चिडला, "भरदुपारी कसला धंदा करतात हे लोक?" मुकादमभाई झाडाखाली पाय पसरून म्हणाले, "गप बस. रुस्ताकलाच आलो आपण. चार वाजता शटर वर जाईल, इन्शाल्ला."

शटर वर गेलं. चार नाही, पाचला. पण गेलं.

*

द्राक्षाची तोडणी सुरू होती. दोन्ही बाजूंना मळे, बैठ्या वेली, काळेभोर घड. एका मळेवाल्याने हाक मारून बसवलं. मुकादमभाई दारूला शिवत नाहीत, साळवीही नाही. तर त्या भल्या माणसाने नुकताच पिळलेला ताजा रस आणला. मुकादमभाईंनी तीनदा खात्री करून घेतली आणि मग प्याले. रस अमृत होता. ग्लास संपला की तो माणूस पुन्हा भरायचा.

आता तुम्हाला माहीत असेल, ओमानमध्ये काहवा, म्हणजे तिथली कॉफी, पुरे झाला की रिकामा कप मनगटाने हलवून परत द्यायचा. न बोलता कळतं. मुकादमभाईंनी सवयीने ग्लास हलवला. तळाशी घोटभर रस होता, तो गोल फिरला. मळेवाल्याचे डोळे चमकले. वाइन चाखणारे ग्लास असाच फिरवतात, त्याला वाटलं, कुणी मोठा जाणकार आलाय! आत धावत गेला आणि दुसऱ्या जातीच्या द्राक्षाचा रस घेऊन आला. मुकादमभाईंनी तो पिऊन आणखी जोरात ग्लास हलवला. मग तिसरी जात आली. आम्ही तिघं हसून हसून बेजार, पण एकानेही तोंड उघडलं नाही.

संध्याकाळपर्यंत मुकादमभाई दर स्टेशनावर आधी एकच दार शोधत होते.

*

आता शेवटचा दिवस. सकाळी लवकर निघालो. साळवी पुढे, पाय गोल फिरतोय, मागे वळून बघायला तयार नाही. शेवटचं स्टेशन काही तासांवर आलं होतं.

आणि एका बोगद्यापुढे आडवं कुंपण. आत दरड पडली होती. बाण दाखवत होता डावीकडे, डांबरी रस्त्याकडे. डोंगराला वळसा घालून दोनेक किलोमीटर, मग पुन्हा आपली वाट. रस्त्यावर द्राक्षाचे ट्रक आणि मोटारी.

साळवी सायकलवरून उतरला.

"अरे, दोन किलोमीटर," कुलकर्णी म्हणाला. "वहिनींना कोण सांगणार आहे?"

साळवीने त्याच्याकडे असं पाहिलं की कुलकर्णीने हेल्मेटचा पट्टा उगाचच घट्ट केला. मग साळवीने फोन काढला. नवरात्र होतं, वहिनी गावीच होत्या, देवळातच सापडल्या. साळवी सगळं सांगून म्हणाला, "गुरवाला सांग, कौल लावायचा आहे."

कौल म्हणजे देवाच्या दोन्ही अंगांना ओल्या कळ्या चिकटवायच्या आणि प्रश्न टाकायचा. उजवी आधी पडली तर हो, डावी पडली तर नाही. फोन स्पीकरवर. आम्ही चौघं कुंपणाला टेकून उभे. गुरवाचा आवाज आला, "बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आम्ही ओरडलो. सगळ्यात मोठा आवाज मुकादमभाईंचा. शेजारच्या मळ्यातली तोडणीची माणसं कात्र्या थांबवून बघू लागली.

"तुझा लेकरू परमुलखात वाट आडली म्हणून उभा हाय म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा!"

"मोटारीचा रस्ता सोडून दुसरी वाट न्हाय म्हाराजा. थोडक्याच वाटंचा हुकूम मागतोय म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा!"

तिकडून देवळातले चार-दोन आवाजही आमच्यात मिसळत होते. वहिनींचा नव्हता. ते मला तेव्हाही जाणवलं.

मग वाट बघणं. ट्रक जात होते. साळवीने मांडीवरचा हात काढला नाही.

"उजवी!" गुरव ओरडला. "देवानं उजवा दिला!"

कुलकर्णी सायकलवर बसलासुद्धा. "यल्ला, चला!"

साळवी हलला नाही. फोनमध्ये म्हणाला, "सुनंदा, ऐकलंस?"

"ऐकलं."

"देवाने सोडलं. पण गाऱ्हाणं तू घातलं होतंस. तू बोल."

तेवढ्यात एक ट्रक हॉर्न देत वळणावरून आला आणि आमच्या अंगावर धूळ उडवून गेला. तो तिकडेही ऐकू गेला असणार.

"चालत जा," वहिनी म्हणाल्या. "मला नाही जमायचं हो. तुम्ही चालत जा."

"बरं," साळवी म्हणाला.

आणि त्याने सायकल खांद्यावर टाकली. ढकलत नेली असती तरी चाललं असतं, पण म्हणाला, "सायकल रस्त्यावर घालणार नाही असं आहे. चाक टेकायला नको." रॉडचा पाय, चढाचा रस्ता. मुकादमभाई म्हणाले, "दे, मी घेतो." नाही म्हणाला. मग मुकादमभाईंनी स्वतःची सायकल खांद्यावर घेतली. मी घेतली. कुलकर्णीनेही घेतली, आणि त्या कार्बनचा पहिल्यांदा काहीतरी उपयोग झाला. रस्त्याच्या कडेने आम्ही चौघं ओळीने चाललो. मोटारी हळू होत होत्या, लोक काचा खाली करून बघत होते. एकाने थांबून पाठीमागचा दरवाजा उघडला. साळवीने छातीवर हात ठेवून मान हलवली आणि पुढे निघाला. दोनदा बसला. दोन्ही वेळा कुणी हात द्यायच्या आत उठला.

पलीकडे पोचलो. त्याने चाकं आमच्या वाटेवर टेकवली, पाय एकदा चोळला आणि सायकलवर बसला. मग शेवटच्या स्टेशनापर्यंत तो कुणाला पुढे जाऊ देईना.

स्टेशन म्हणजे काय, एक पिवळी इमारत, एक घड्याळ, तेही बंद. साळवीने सायकल भिंतीला लावली आणि फोन लावला.

"सुनंदा, शेवटचं स्टेशन आलं. वाट पुरी झाली."

तिकडे देवळातली गडबड चालूच होती. त्यातून वहिनी म्हणाल्या, "व्हय म्हाराजा."