नाथाजीनं हाकललेला गवा

पलूसला मिलिटरीतून पेन्शनीत आलेल्या प्रत्येक माणसाला मेजर म्हणतात. तो तिकडं तोफा डागत होता की भाजी चिरत होता, हे कुणी विचारत नाही. नाथाजी हवालदार होता. पंधरा वर्षं ट्रक चालवून घरी आला, पण गावाच्या लेखी मेजर तो मेजरच. आसामात असताना त्यानं रस्त्याकडेला गेंडा पाहिला आणि तेव्हापासून त्याला जंगलाचं वेड लागलं. गावी आल्यावर त्यानं रानात ऊस लावला आणि एक जुनी राजदूत फटफटी घेतली. ऊस बायको मनुबाई बघायची. फटफटीला मात्र दुसऱ्या कुणाचा हात लागलेला त्याला खपत नसे, पुसायलासुद्धा.

या फटफटीच्या मागच्या सीटचा कायमचा मालक होता धुळा. धुळा म्हसवडकडचा मेंढपाळ. पावसाळा सरला की मेंढरं घेऊन कृष्णाकाठी उतरायचा आणि नाथाजीच्या रानात कळप बसवायचा. मेंढरांच्या लेंड्यांनी ऊस फोफावायचा आणि गप्पांनी ही दोघं. धुळ्यानं निम्मा मुलूख पायांनी तुडवलेला, पण चाकावर कधी बसलेला नव्हता. पहिल्यांदा मागं बसला तेव्हा तासगाव येईपर्यंत डोळे घट्ट मिटून होता. परत येताना एक उघडला. पुढं तर त्याला असा नाद लागला, की फटफटीचा आवाज आला की मेंढरं भावाच्या, सिद्धूच्या गळ्यात टाकून हा रस्त्यावर हजर!

तिसरा हंबीरराव, नाथाजीच्याच पलटणीतला, कराडचा. त्याच्याकडं बुलेट होती. तिच्या मागं स्टो, पातेली, सतरंज्या असा संसार बांधलेला, त्यामुळं तिथं माणसाला जागा नाही. वर्षातून एकदोनदा ही तिघं निघायची. दाजीपूर झालं, चांदोलीकडची रानं झाली. पंचाहत्तर सालच्या दिवाळीत बेत ठरला पार म्हैसूरपलीकडं, बंदीपूरच्या नॅशनल पार्काचा. धुळा त्याला न्याशनल पारक म्हणायचा आणि तिथं गुरं चारायला बंदी आहे हे ऐकून सरकारला शिव्या द्यायचा.

बंदीपूरचा रस्ता जंगलातून जातो. सकाळचं धुकं होतं, नाथाजी पुढं, बुलेट मागं. एका वळणावर रस्त्यात काहीतरी काळं आडवं उभं दिसलं. नाथाजीनं गाडी थांबवली, स्टँडवर लावली, खांद्यावरचा टॉवेल काढला आणि सरळ चालत निघाला.

"हाट! हाट! कुणाची म्हस सोडलीया रं ही रस्त्यात?" असं तो पुटपुटला, पण मागच्यांना नुसतं "हाट" तेवढं ऐकू आलं. त्यानं टॉवेल फडकावला, टाळ्या वाजवल्या. पाच-सहा पावलांवर गेल्यावर त्याला त्या जनावराच्या पायातले पांढरे मोजे दिसले. मग खांद्यावरचा उंचवटा दिसला. मग त्या जनावरानं नाकातून असा काही वारा सोडला, की नाथाजीच्या हातातला टॉवेल जागच्या जागी थिजला. गवा होता. चांगला वीस-पंचवीस मणांचा गवा. नाथाजीची पावलं रस्त्याला चिकटली. गव्यानं त्याच्याकडं बघितलं, आणि काय मनात आलं कोण जाणे, वळून शांतपणे बांबूत उतरून गेला.

मागं धुळा आणि हंबीरराव पुतळे झाले होते. आधी हंबीररावाला कंठ फुटला. "मर्दा, गवा हाकललास! टॉवेलानं!"

धुळा तर धावत आला आणि त्याच्या पायालाच हात लावायला लागला. 'अरे, मला म्हस वाटली,' हे वाक्य नाथाजीच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण त्यानं ते गिळलं आणि मिशीवरून हात फिरवला. माणूस आहे, मोह होतोच.

पण खरी गोष्ट मिशीची नव्हती, डोळ्यांची होती. श्रावणात तो गुपचूप मिरजेला डॉक्टरकडं जाऊन आला होता. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. डॉक्टर म्हणाले, "अजून कच्चा आहे. पिकला की काढू. तोवर गाडी चालवायची नाही."

"आडसाली ऊस अठरा महिन्यांत तुटतोय. ह्येला किती लागत्याल?"

"ते त्याचं त्याला ठाऊक," डॉक्टर म्हणाले.

नाथाजीनं हे फक्त मनुबाईला सांगितलं. मित्रांना सांगितलं तर हँडल गेलं. हँडल गेलं की धुळ्याची सीट गेली, कारण बुलेटवर तर संसार. म्हणजे तिघांचं हिंडणंच संपलं. शिवाय पन्नाशीही गाठली नव्हती आणि लोकांनी हात धरून रस्ता ओलांडून द्यायचा, हे त्याला मरणाहून वाईट वाटत होतं.

गव्याची गोष्ट धुळ्यानं पलूसपासून म्हसवडपर्यंत पोचवली. प्रत्येक वेळी गवा हातभर वाढायचा. आणि गोष्टीच्या शेवटी धुळा छाती काढून सांगायचा, "मी त्येच्या मागं बसतू!" एवढंच त्याचं भांडवल, पण त्यावर तो राजासारखा हिंडत होता.

मार्गशीर्षात दांडेलीचा बेत ठरला. धुळ्याची बायको धोंडुबाई आधी नवऱ्याला सोडायला नाखूश असायची. या वेळी तीच कुरड्या घेऊन आली. "दादा, आता मला घोर न्हाई. गव्याला न भिणाऱ्या मानसाच्या मागं बसल्याती म्हंजी घरात बसल्यासारखंच हाय."

ती गेल्यावर मनुबाई म्हणाली, "आवं, सांगा की त्यास्नी."

"सांगतू."

"कवा? त्यो पडल्यावर?"

नाथाजी फडकं घेऊन फटफटी पुसायला बसला. आदल्याच आठवड्यात तासगावच्या रस्त्यावर उसाची बैलगाडी त्याला ऐनवेळी दिसली होती. धुळ्याच्या धोतराचा सोगा तिच्या चाकाला घासून गेला. घाबरायचं सोडून धुळा मागं हसत होता. "लय जवळनं काढलीस रं मेजर!" त्याला वाटलं, ही कसरत आहे.

सव्वीस जानेवारीला शाळेत झेंडावंदन होतं. हेडमास्तर लालासाहेबांनी नाथाजीला फेटा बांधला, नारळ दिला आणि पोरांना गव्याची हकिकत सांगायची गळ घातली. दुसऱ्या दिवशी पहाटे दांडेलीला निघायचं होतं. सगळं गाव जमलेलं. धुळा नवी घोंगडी घेऊन पुढच्याच ओळीत बसलेला.

नाथाजी माइकसमोर उभा राहिला. "पोरांनो, त्या दिवशी..." एवढं बोलला आणि सवयीनं त्यानं धुळ्याकडं बघितलं. म्हणजे बघायला गेला. समोर नुसतं ताक सांडल्यासारखं पांढरं होतं. टोप्या कुठं, तोंडं कुठं, काही कळेना. आपण ज्याला उद्या मागं घेऊन दोनशे किलोमीटर जाणार, तो माणूस दहा पावलांवर बसलाय आणि आपल्याला सापडत नाही, हे कळलं तेव्हा त्याला गव्यासमोर वाटली नव्हती एवढी भीती वाटली.

"धुळ्या," तो माइकवरच म्हणाला, "कुठं बसलाईस रं?"

"ह्यो काय, म्होरंच हाय की!"

लोक हसले.

"मला दिसत न्हाईस गड्या," नाथाजी म्हणाला. लोक आणखी हसले. ते थांबेपर्यंत तो थांबला. "आन् त्यो गवाबी दिसला न्हवता. म्हस म्हणून हाकलाय गेलतू. मोतीबिंदू हाय मला, दोनीबी डोळ्यांत. डाक्टरनं श्रावणातच गाडी बंद कर म्हणून सांगितलंय."

या वेळी मागची पोरंटोरं तेवढी हसली. लालासाहेबांना टाळ्या वाजवाव्यात की नकोत हे कळेना, त्यांनी अर्ध्यात हात खाली घेतले. नाथाजीनं फेट्याला हात घातला, पण तो उतरवायचा की राहू द्यायचा हे त्यालाही ठरवता येईना.

धुळा उठला. घोंगडी तिथंच टाकून अनवाणी चालत समोर आला. गावासमोर, झेंड्याखाली. त्याचा चेहरा नाथाजीला आत्ता दिसला, आणि तो चेहरा रागानं लाल झाला होता.

"दसऱ्यापास्नं मी तुज्या मागं बसतूय," धुळा म्हणाला, "आन् तू मला बोलला न्हाईस?"

"बोललो असतो तर तू मागं बसला असतास व्हय?"

"न्हाई," ज्याला आजवर सायकलसुद्धा येत नव्हती तो धुळा म्हणाला, "म्होरं बसलो असतो!"