बाहेरची कडी: नातीच्या नोकरीसोबत मुदखेड ते लातूर

लिहिता-वाचता येत नाही म्हणून प्रवासाचं सांगू नये, असं कुठं आहे? मी बोलते, माझी नात नीलोफर टाईप करते. मधेच हसते, मधेच "दादी, हे नको" म्हणते. तिनं गाळलेलं मला दिसणार नाही, म्हणून थोडं झालं की वाचून दाखवायला लावते. घरात आमची बोली दखनी. पण वाचणारे तुम्ही, म्हणून मराठीत.

जायचं ठरलं ते असं. अंगणात पाय घसरून पडले, तेव्हापासून मुलगा आणि सून दुकानात जाताना घराला बाहेरून कडी लावून जातात. अम्मा एकट्या बाहेर जाऊन पुन्हा पडू नयेत म्हणून. आमचं गाद्या-रजयांचं दुकान आहे, मुदखेड स्टेशनच्या रस्त्यावर. त्यांची काळजी खरी, मी काही बोलत नाही. पण दुपारभर खिडकीतून समोरच्यांची शेळी बघून बघून मला तिचा स्वभाव पाठ झाला होता. अशात नीलू परदेशातून कामासाठी आली आणि म्हणाली, "मला लातूरला जायचंय."

"मीबी येते."

"दादी, काम आहे ते."

"मग मी काय तुझं काम खाऊन टाकणार हाय?"

आता तिचं काम काय, ते सांगते, कारण मुदखेडात सगळे मलाच विचारतात. नीलू एका मोठ्या परदेशी संस्थेत मानवी हक्क सल्लागार आहे. ती धरण बांधत नाही, शाळा बांधत नाही, पैसे वाटत नाही. दुसरे जिथं हे सगळं करतात तिथं जाऊन विचारते, "लोकांना विचारलं होतं का?" मग सगळे तिला चहा पाजतात आणि ही कधी जाते याची वाट बघतात. म्हणजे सासूच की! मी जन्मभर फुकट केलं, हिला पगार आहे.

मुदखेडहून नांदेडला रेल्वेनं जावं. तिकीट चहाच्या भावात पडतं आणि खिडकी मिळाली तर शेळीपेक्षा बरंच काही दिसतं. नांदेड स्टेशनावर संस्थेची गाडी उभी होती. ड्रायव्हर शिवराज, नायगावचा, बोलका. लोह्याला थांबून आम्ही सुशीला खाल्ली. बाहेरच्या वाचकांनी दचकू नये, सुशीला म्हणजे भिजवलेल्या चुरमुऱ्यांचा तिखट नाश्ता, वर शेंगदाणे आणि कच्चा कांदा. प्लेट स्वस्त, मिरची सढळ. पुढं माळेगावच्या जत्रेचं माळरान लागतं. जत्रेच्या दिवसांत तिथं घोडे आणि उंट असतात, आम्ही गेलो तेव्हा दोन गाढवं होती आणि तीही एकमेकांशी बोलत नव्हती. रस्ता आता रुंद झालाय. अहमदपूरला चहाला थांबून, चाकूरवरून जेवणाच्या वेळेला लातूर गाठलं.

लातूर आलं हे पाटी न वाचता कळतं. खांबाखांबावर पोरापोरींचे फोटो, हात जोडलेले नाहीत, पण हसरे.

"शिवराज, इलेक्शन हाय का रे?"

"न्हाई अम्मा, हे निवडून आलेले न्हाईत, पास झालेले हायत. क्लासवाल्यांचे बोर्ड हायत हे. इथं डॉक्टर करून देतेत."

लॉजवरची गादी मी बोटानं दाबून बघितली. फोम! पिंजाऱ्याच्या बायकोला फोमवर निजवलं नातीनं. संध्याकाळी गंजगोलाईत फिरलो. गोल बाजार आहे, चहूकडून रस्ते येऊन मिळतात. एका बाजूला सोनं, एकीकडं मसाले, एकीकडं भांडी. कुठूनही निघा, मी बांगड्यांच्या गल्लीतच येत होते. नीलू म्हणाली ही चूक नाही, हा कट आहे.

ती हसली, पण जेवली नाही. लहानपणापासून हिच्या मनात काही असलं की भाकरी ताटात फिरवत राहते. मग सांगितलं. भूकंपानंतर नव्यानं वसवलेल्या गावांतल्या मुलींसाठी तिची संस्था लातूरच्या एका होस्टेलात फुकट राहायची सोय करते. मुली क्लास करतात, मोठ्या परीक्षेला बसतात. ते होस्टेल पुढच्या वर्षी चालू ठेवायचं की बंद करायचं, हे हिच्या सल्ल्यावर ठरणार होतं. साहेबलोक फोनवर फोन करून राहिले होते.

दुसऱ्या दिवशी औशाकडच्या एका गावाला गेलो. गावाचं आणि माणसांचं खरं नाव सांगायचं नाही, नीलूच्या नोकरीचा तसा नियम आहे. या भागात मी पहिल्यांदा आले ती भूकंप झाला त्या हिवाळ्यात, ह्यांच्यासोबत. लोक पत्र्याच्या शेडात राहत होते आणि आम्ही गाद्या भरून देत होतो. आता रस्ते सरळ आहेत, घरं सिमेंटची आहेत, सगळी एकासारखी एक.

आम्ही सुमनबाईच्या घरी उतरलो. तिची मुलगी वैष्णवी त्याच होस्टेलात बारावीला आहे. सुमनबाईनं येसर, म्हणजे भाजलेल्या धान्याचं मसाल्याचं पीठ, घातलेली आमटी आणि भाकरी दिली. बोलायच्या आधी नीलूनं तिचं ठरलेलं वाक्य म्हणलं. ते ती प्रत्येकाला म्हणते, चहावाल्यालाही म्हणेल: "ताई, तुम्ही नको म्हणू शकता. मधेच थांबवू शकता. वाटलं तर उठून जाऊ शकता."

सुमनबाई माझ्याकडं वळली. "आजी, माझ्याच घरातनं मी कुठं जाऊ?"

"तिला म्हणू दे गं. तिला त्याचा पगार भेटतो."

घर बघायला आत गेलो तर सिमेंटच्या खोलीत सोयाबीनची पोती. भूकंपाला हलणार नाही असं घर सरकारनं दिलं, त्यात पोती निजतात आणि माणसं बाजूच्या पत्र्यात! नीलूनं विचारलं, असं का?

"आत झोप लागत न्हाई मॅडम. पत्र्याला दारबी न्हाई, पडदा हाय. भूकंप झाला तवा मी फ्राकात व्हते. ज्यांच्या कड्या लागल्या व्हत्या ना..." एवढं बोलून ती उठली आणि आमटी गरम करायला गेली. आमटी गरमच होती.

निघताना तिनं नीलूचा हात धरला. "मॅडम, पुढल्या साली सीट राहील ना? न्हाईतर तिचे मामा स्थळ घेऊनच बसलेत."

नीलूनं हो म्हणलं नाही, नाही म्हणलं नाही. गाडीत मी तिला चिडवायला म्हणलं, "तू आत्ता नको म्हणू शकत होतीस." ती हसली नाही, तेव्हा मी गप्प बसले. मी गप्प बसणं हे शिवराजलासुद्धा नवीन होतं.

तिसऱ्या दिवशी होस्टेल. मालक शेटजी, कपाळावर भस्म, बोलणं तुपातलं. खाली दुकान, वर होस्टेल. "या आजी, बसा, चहा घ्या." मी घेतला. वॉर्डनबाईनंही दिला, तोही घेतला. स्वयंपाकिणीला वाईट वाटू नये म्हणून तिसरा. हे पुढं महागात पडलं.

वर अभ्यासाच्या मोठ्या खोलीत गावाकडच्या मुली बसल्या होत्या. वॉर्डनबाई म्हणाल्या, "मॅडम, निवांत बोला, कुणी डिस्टर्ब करणार न्हाई," आणि दार ओढून घेतलं. नीलूनं सुरू केलं. "मुलींनो, तुम्ही नको म्हणू शकता. मधेच थांबवू शकता. वाटलं तर केव्हाही उठून बाहेर..."

मुली खुसूखुसू हसायला लागल्या. एक लांब वेणीवाली उभी राहिली. तीच वैष्णवी, आईचंच नाक. "मॅडम, बाहेर कसं जायचं? बाईंनी कुलूप लावलं की."

नीलू दारापाशी गेली, ओढलं. दार हललं नाही. तिचं वाक्य अजून अर्धं तोंडातच होतं.

"रोज लावतात?"

"अभ्यासाच्या टायमाला लावतात. रात्रीला बी."

"मग जायचं झालं तर?"

"आधीच जाऊन यायचं."

इथं मला तीन चहांची आठवण झाली. मी दार वाजवलं. वॉर्डनबाई चावी कमरेला लावून घरी जेवायला गेलेल्या. मुलींनी मला स्टीलचं ताट दिलं, मी त्यानं वाजवलं. मग सगळ्यांनी आपापलं घेतलं. खाली रस्त्यावर लोकांना वाटलं, कुणाचा तरी निकाल लागला. नीलू जगभर हक्क सांगत फिरते, पण पहिला हक्क कोणता हे त्या दिवशी मी तिला हातवारे करून सांगत होते.

वॉर्डनबाई येईपर्यंत मुली मात्र मोकळ्या बोलल्या. नीलू जमिनीवरच बसली. "मी खरं लिहिलं तर हे बंद होऊ शकतं," ती म्हणाली. "न लिहिता सही करू शकत नाही. तुम्ही सांगा."

एक म्हणाली, लिहू नका. दुसरी म्हणाली, एकदा दुपारी पंख्याचा बोर्ड जळला, धूर झाला, तेव्हा खिडकीतून ओरडून ओरडून घसा बसला. वैष्णवी सगळ्यात शेवटी बोलली.

"मॅडम, आम्हाला इथनं जायचं न्हाई. फक्त जाता आलं पाह्यजे."

दार उघडलं. मी कुणालाही न विचारता आधी गेले. परत आले तर ऑफिसात नीलू आणि वैष्णवीसमोर शेटजी हात जोडून उभे. "मॅडम, कुलूप मी हौसेनं लावतो का? आईबापच म्हणतेत, पोरीवर लक्ष ठेवा. उद्या काही झालं तर मला कोण सोडल?" माणूस खोटं बोलत नव्हता, तीच तर पंचाईत.

नीलू वैष्णवीकडं वळली. "तुझ्या आईला विचारू? तू नको म्हणू शकतेस."

वैष्णवीनं फोन लावला, स्पीकरवर. नीलूनं कुलपाचं सगळं सांगितलं, सुमनबाईनं ऐकून घेतलं.

"शेटजी, लक्ष ठेवा म्हणलं व्हतं मी. कुलूप ठेवा न्हाई म्हणलं." आवाज चढला नव्हता, उलट खाली गेला होता. "आमच्यात निजताना आतूनबी कडी लावत न्हाईत. तुम्ही माझ्या लेकीला बाहेरून लावता? तुमचं येवढंच भ्या असंल तर मी येते. तिच्या दारात आडवी निजते. पण कुलूप काढा."

शेटजी खुर्चीत बसले. टेबलावरचा काचेचा गोळा फिरवत राहिले. तेही लातूरचेच, भूकंपाची ती पहाट त्यांनीही बघितली असणार. मग सुताराला बोलावणं गेलं. खालच्या गेटावर पहारेकरी राहील, पण खोल्यांच्या बाहेरच्या कड्या निघतील, असं ठरलं.

"आजी, आता पोरी पळाल्या म्हंजे?"

"शेटजी, पळाल्या तर तुमच्या गाद्यांमुळं पळतील. कापूस पिंजून घ्या जरा."

सुतारानं कड्या काढल्या त्यातली एक मी मागून घेतली. लोक लातूरहून काय काय आणतात, मी ही आणली. नीलूनं गाडीतच साहेबांना कळवलं: चालू ठेवा, खोल्यांना पुन्हा कडी लागली तर मात्र मी सही करणार नाही, आणि बघायला न सांगता येईन. मग शिवराजला गाडी थांबवायला लावून तिनं अहमदपूरला भजी खाल्ली. माझ्या वाटणीचीसुद्धा.

घरी आलो. मी लातूरची कडी फळीवर ठेवली. दुसऱ्या सकाळी सून दुकानाला निघाली, सवयीनं दार ओढलं आणि कडीला हात घातला. नीलू बाहेर ओट्यावर दात घासत होती. तिनं आईच्या हाताकडं बघितलं, फळीकडं बघितलं. चूळ भरली आणि आत येऊन माझ्यासमोर बसली. सगळ्या प्रवासात जे वाक्य ती सगळ्यांना म्हणली, ते मला म्हणायचं राहूनच गेलं होतं.

"दादी, हे तुम्हाला चालतं का? तुम्ही नको म्हणू शकता."

"नको," मी म्हणलं. इतकं सोपं असेल असं वाटलं नव्हतं.

सून घाबरली. "अन् अम्मा, पडलात तर?"

"पडले तर उचलायला येणाऱ्यानं दार तोडायचं का?"

ती दार सताड उघडं टाकून दुकानाला गेली. मी दिवसभर घरातच बसले, कुठं जायचंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी मात्र काठी घेतली आणि रस्ता ओलांडून त्या शेळीला भेटून आले. जवळून बघितली तर स्वभाव वाटला होता त्यापेक्षा खराब आहे.