आईच्या पापण्या
आईचं नाक बारा महिने वाहायचं. इचोड्याच्या बाजारात ती वांगी मोजून द्यायची तेव्हा बाया हसायच्या, "काऊन वं, उन्हाळ्यातबी सर्दी?" सर्दी नव्हती, कपाळ त्यांचं! डोळ्यांचं पाणी होतं ते. डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यात बारीक भोक असतं, तिथून पाणी नाकात उतरतं. हे मला तालुक्याच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सांगितलं. ते मराठवाड्याचे होते, आईला 'माय' म्हणायचे.

त्यांनी आईची वरची पापणी काडीवर उलटी करून मला दाखवली. आत खुपऱ्यांचे, म्हणजे पापणीआड उठणाऱ्या पुळ्यांचे, जुने पांढरे वण होते. वण आखडले, पापणीची कड आत वळली आणि केस बुबुळावर घासायला लागले. पापणी काही लवायची थांबत नाही, म्हणजे घासणंही थांबत नाही.

आमच्याकडे यावर एकच इलाज होता, केस उपटायचे. शेजारची काकू सकाळच्या उन्हात आईचं डोकं मांडीवर घ्यायची, ओली पापणी निसटू नये म्हणून बोटांना राख लावायची आणि चिमट्यानं एकेक केस ओढायची. ओढलेला केस आईच्या मनगटावर चिकटवायची, मुळासकट आला की नाही ते दिसावं म्हणून. आईला थोडे दिवस बरं वाटायचं. मग नवे केस फुटायचे, आखूड आणि ताठ. ज्वारी कापल्यावर धसकट पायाला टोचतं ना, तसे. डॉक्टर चिडले. "माय, उपटू नका. बुबुळावरची काच खरवडून जाईल. मी पापणी बाहेर वळवून शिवतो. कापूस वेचून झाला की या."

कापूस वेचून होईपर्यंत भाषेवरून आमच्या राज्याचीच वाटणी झाली. मराठवाडा मुंबई राज्यात गेला, आम्ही आंध्रात. डॉक्टर आपल्या मुलखात बदलून गेले. नवे आले ते तेलुगू बोलणारे. माणूस चांगला होता. पापणी बघितली आणि खुणेनंच सांगितलं, मी करतो ऑपरेशन. आई उठून चालायलाच लागली.

"डोळ्यावर सुरी धरून तो हालू नोको म्हणन, अन् मले समजलं नाई तं? माहा डॉक्टर येईन वापस. जबान देली हाय त्यानं."

"नाई येत वं आता कोणी!" मी भर रस्त्यात ओरडले. ऐकेल तर शपथ! घरी आल्या आल्या तिनं काकूला हाक मारली.

मला आईचा राग येतो, अजून येतो. वाटणी करणाऱ्यांचा तर जास्तच येतो. नकाशावर रेघ ओढणाऱ्याला माझ्या आईच्या पापणीचं काय सोयरसुतक! तिच्या एका बुबुळावर धूसर ठिपका आला, मग दुसऱ्यावर, मग दोन्ही दुधाळ झाली. तेव्हा कुठं ती यवतमाळला यायला तयार झाली. तिथले डॉक्टर मराठी बोलले, पण मला बाजूला घेऊन बोलले. "केस बाहेर वळवतो, टोचणं थांबेल. नजर मात्र गेली ती गेली."

पट्टी सोडली त्या दिवशी आईचे डोळे कोरडे होते. केस बाहेर वळलेले, लहान मुलीसारखे.

"खुपत नाई वं पोरी, जरासंबी खुपत नाई," ती हसून म्हणाली. मग माझा चेहरा हातानं चाचपला.

"आता ती आतली पांढरी पट्टीबी काढा म्हण त्याईले."