सुबाभळीचे बुडखे

परसातल्या तीन सुबाभळी आमच्या ह्यांनी तोडून घेतल्या, त्याही जमिनीलगत, अगदी सपाट. का, तर नीटनेटकं दिसावं म्हणून. आठवड्याभरात सासूबाई वाळलेले कपडे काढायला गेल्या आणि त्यातल्याच एका बुडख्याला अडखळून पडल्या. हाड मोडलं नाही, पण ह्यांनी जाहीर केलं, "बुडखे काढल्याशिवाय मी अमेरिकेला जाणार नाही. आईला परसात निवांत फिरता आलं पाहिजे."

ते दिवस असे होते की कर्वेनगरातल्या आमच्या गल्लीत ज्याला कॉम्प्युटर सुरू करता येई त्याला परदेशी पाठवत. ह्यांनाही कंपनीने तीन वर्षांसाठी निवडलं होतं, मी बरोबर जाणार होते आणि सासूबाई घरात एकट्या राहणार होत्या. हे तिघांनाही ठाऊक होतं आणि त्यावर कोणी अवाक्षर काढत नव्हतं. बोलायचं ते बुडख्यांबद्दल.

गडी लावू म्हटलं तर नाही. आधी एकदा काही महिने तिकडे राहून आल्यापासून "आपली बाग आपण करायची" हे ह्यांच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. मग दर रविवारी कुदळ, पहार आणि डोक्याला कंपनीची टोपी. भोवती चर खणायचा, मुळं कुऱ्हाडीने तोडायची, पहार घालून बुडखा हलवायचा. तो ढिम्म. धरून ढकलायला वर खोडच ठेवलं नव्हतं ना! कुंपणापलीकडे पेपर वाचत बसणारे निवृत्त शेजारी एकदा म्हणाले, "अहो, उपटायचंच होतं तर आधी कापलंत कशाला?" ह्यांनी टोपी खाली ओढली आणि पुन्हा पहार घातली. चिखलाचे कपडे मात्र मी धूत होते.

दोन कसेबसे निघाले. तिसऱ्याच्या चरात कोणाच्या तरी सल्ल्याने खडेमीठ ओतलं, मुळं जळावीत म्हणून. झालं उलटंच. बुडख्याला हिरवेगार धुमारे फुटले. हे चिडून पुन्हा मीठ घालत, धुमारे पुन्हा येत. एका सकाळी स्वयंपाकघराच्या खिडकीतून मला कारण दिसलं. सासूबाई खराट्याने मीठ बाजूला सारून तांदळाचं धुवण त्या बुडख्याला घालत होत्या.

मी तरातरा बाहेर गेले. "आई, हे काय चाललंय?"

"धुवण मोरीत ओतू नये."

"मग जास्वंदीला घाला! ते इथे घाम गाळतायत आणि तुम्ही..."

"बुडखा निघाला की तुम्ही दोघं निघणार," त्या म्हणाल्या. "एवढी काय घाई आहे?"

मला इतका राग आला! त्यांचा, कारण हे त्या मुलाला सांगणार नव्हत्या. आणि ह्यांचा, कारण सांगितल्याशिवाय ह्यांना कळणार नव्हतं. मधल्या मध्ये मी.

"तुम्ही त्यांना सांगा ना," मी म्हटलं.

"मी कशाला सांगू? त्याला कळत नाही?" पातेलं घेऊन त्या आत गेल्या.

मीही ह्यांना काही बोलले नाही. मला जायचं होतं. अगदी मनापासून जायचं होतं. शाळेतली नोकरी सोडतेय, असं मी मुख्याध्यापिकाबाईंना सांगूनही टाकलं होतं.

पुढच्या रविवारी सोटमूळ तुटलं. बुडखा कलंडला, हे आनंदाने ओरडले, शेजाऱ्यांनी पेपर खाली ठेवला. सासूबाई बाहेर आल्या, खड्ड्यात डोकावल्या आणि म्हणाल्या, "छान. आता मी पडले तरी बुडख्यामुळे पडले असं कोणी म्हणणार नाही. जा बाबा."

ह्यांचा चेहरा उजळला. "ऐकलंस? आई स्वतःच जा म्हणाली. उद्या ऑफिसात दोन तिकिटांचं सांगून टाकतो."

सासूबाई पायाने खड्ड्यात एकट्याच माती लोटू लागल्या होत्या.

"एकाचंच सांगा," मी म्हटलं, आणि रागाने मला रडू फुटलं.