पडद्याच्या मोटारीत कोण?

भोपाळच्या आमच्या टाऊनशिपमध्ये माणूस तोंडावरून नाही, गाडीवरून ओळखला जायचा. कारखान्याचा भोंगा झाला की आधी सायकली सुटायच्या, मग स्कूटरी, आणि रस्ता मोकळा झाला की मोठ्या साहेबांची कंपनीनं दिलेली पांढरी मोटार, मागच्या खिडक्यांना पडदे लावलेली. बायकासुद्धा एकमेकींना 'ती सायकलवाली', 'ही स्कूटरवाली' असंच म्हणायच्या. आम्ही स्कूटरवाले. हे फोरमन होते आणि प्रमोशनची यादी लागायची होती, त्यामुळे त्या दिवसांत आम्ही साहेबांच्या माळ्यालाही नमस्कार घालत होतो.

मला घोर होता तो दुसराच. आमची पोर पाच वर्षांची झाली, घरात बोलायची, पण दाराबाहेर पाऊल पडलं की ओठ शिवलेले. मी नागपूरची, माझी टकळी सकाळी सुरू झाली की रात्रीच थांबायची, आणि माझ्या पोटी ही! शाळेतल्या बाईंनी सांगूनच टाकलं, "बच्ची बोलेगी नहीं तो पहली में कैसे बिठाएँ?" डॉक्टर झाले, नवस झाले, कोणी सांगितलं म्हणून शंखातलं पाणीही पाजून झालं. ती आपली फाटकाला धरून जाणाऱ्या-येणाऱ्या गाड्या बघत उभी राहायची.

मोठे साहेब पुण्याचे, म्हणून बाईसाहेब आमच्या मराठी मंडळाच्या अध्यक्ष. दुसरं कारण नव्हतं. त्या वर्षी गणपतीत मुलांसाठी त्यांनी एक चित्रांचं पुस्तक आणलं. मुलानं परदेशातून पाठवलेलं, हेही दोनदा सांगितलं. पानावर एक गाडी, तिच्यावर कागदाची झडप. आत कोणता प्राणी आहे ते ओळखायचं आणि मग झडप उचलायची.

पहिली निघाली सायकल. आमची मुलं शहाणी, एका सुरात ओरडली, "उंदीर!" झडप उचलली तर हत्ती. मंडपात चुळबुळ झाली. अकाउंट्समधले एक काका तर गंभीरपणे म्हणाले, "एवढा मोठा प्राणी आणि सायकलवर? नियमात बसत नाही." मग ट्रक आला, त्यात बेडूक निघाला. स्कूटर आली तेव्हा एक चिमुरडा "बाबा!" म्हणाला आणि आईचा चिमटा खाऊन खाली बसला.

शेवटचं पान उघडलं आणि सगळे सावरून बसले. पांढरी मोटार, मागच्या खिडकीला पडदा! बाईसाहेब गोड हसल्या. "सांगा बरं, हिच्यात कोण बसत असेल?" मागून आयांची कोपरं चालली, बाप कानात कुजबुजले. "सिंह!" "वाघ!" एकानं तर "सिंह और उसकी मिसेस!" म्हणून टाळ्याही घेतल्या.

तेवढ्यात माझ्या शेजारून खणखणीत आवाज आला. "कुत्रा!"

मी आधी मागे वळून पाहिलं. मग कळलं, ही आपलीच!

"रोज जातो ना आमच्या घरावरून. मागच्या सीटवर बसतो, पडदा बाजूला करून बघतो. ड्रायव्हर अंकल त्याला घुमवायला नेतात. साहेब कधीच नसतात."

अगं बाई! सगळ्या टाऊनशिपला ठाऊक असलेली आणि कोणीच न पाहिलेली गोष्ट ती भर मंडपात बोलली. बाईसाहेबांनी घाईघाईनं झडप उचलली, पोरीला खोटं पाडायला असणार. आत टाय लावून ठिपक्याठिपक्यांचा कुत्रा बसला होता. पुस्तक परदेशी, त्याला काय माहीत इथे कोणाचं प्रमोशन अडलंय.

ह्यांनी मान खाली घातली. आणि मी? मी दोन्ही हातांनी टाळ्या वाजवल्या. एकटीनं. गेली खड्ड्यात ती यादी, माझी पोर चारचौघांत बोलली होती!

यादीत ह्यांचं नाव आलं नाही, ते नंतर. कुत्र्यामुळे, की मुळातच नव्हतं, देव जाणे. पण त्या संध्याकाळी स्कूटरवर मागे बसून मी घाबरलेच होते, कारण हे चकार शब्द बोलत नव्हते. पोर पुढे उभी. तिचं मात्र सुरूच होतं, कोणाच्या जीपमधून सिलेंडर जातो, कोणाच्या व्हॅनमधून सासूबाई देवळात जातात. येणारा-जाणारा वळून बघत होता आणि तिला त्याचं काहीच नव्हतं. आमचं वळण आलं आणि गेलं. स्कूटर सरळ सोनागिरीच्या रस्त्याला लागली.

"अहो, घर मागे राहिलं!" मी ओरडले.

"तू गप्प बस जरा," हे म्हणाले. "तिचं सांगून होऊ दे."

लग्न झाल्यापासून 'गप्प बस' हे मी किती वेळा ऐकलं असेल आणि किती वेळा त्यावरून भांडले असेन. त्या दिवशी मात्र मी बसले बाई गप्प, अगदी पार पलीकडचं अयोध्या नगर येईपर्यंत.