माझ्याकडे तोंड केलेला टेम्पो

दिनकर गेल्याचा फोन देवळीहून आला, तेव्हा मी "अरेरे" म्हणालो खरा. पण मनात पहिला विचार आला तो हिरव्या टेम्पोचा… आता तो कोणाला मिळणार? गेलेल्या माणसाविषयी गोड लिहायची पद्धत आहे. या इसमाच्या बाबतीत मला ती जमणार नाही, आणि जमलीच तर तो वरून खदाखदा हसेल.

दिनकर माझा साडू. देवळीत भांड्यांचं दुकान आणि अंगात नुसत्या खोड्या. आम्हा दोघांना वेड एकच, 'सम्राट' छापाच्या तळहाताएवढ्या धातूच्या गाड्यांचं. कारखाना कधीच बंद पडला. उरलेल्या गाड्या सेलूच्या, आंजीच्या जुन्या दुकानांच्या माळ्यांवर धूळ खात पडलेल्या. मी धापा टाकत सेलूला पोचावं, तर दुकानदार म्हणणार, "आत्ताच तुमचे साडू येऊन गेले ना, भाऊ!" मी निघाल्याची बातमी त्याला घरबसल्या मिळायची, कारण आमच्या बायका सख्ख्या बहिणी आणि त्यांचा फोन रोजचा.

हिरवा टेम्पो मात्र माझा होता. मागचं फळकं उघडणारा, खोक्यासकट. तसा दुसरा मी कुठेच पाहिला नाही. एका संक्रांतीला आमच्याकडे हळदीकुंकू होतं. माझी बायको सुमन वाण म्हणून स्टीलच्या वाट्या देत होती. तिची धाकटी बहीण मंदा, म्हणजे दिनकरची बायको, म्हणाली, "ताई, मले वाटी नको. तो हिरवा टेम्पो दे." आणि सुमननं दिला! टपावर हळदीकुंकवाची बोटं लावून दिला! मी बँकेतून घरी येईपर्यंत टेम्पो देवळीला पोचलासुद्धा. दिलेलं वाण परत मागत नाहीत. मंदाला पढवून पाठवणारा तो कपटी माणूस तेव्हा दुकानात बसून गालातल्या गालात हसत असणार.

त्यानंतर मी देवळीला गेलो की दिनकर आधी काचेचं कपाट उघडायचा, टेम्पोचं तोंड माझ्या खुर्चीकडे वळवायचा आणि मग चहा सांगायचा. "काऊन भाऊ, चहा गोड नाई लागून राह्यला का?" वर्षानुवर्षं हेच… मी एकदाही टेम्पो मागितला नाही. मागितला असता तर नाही म्हणण्याचं सुख त्याला मिळालं असतं.

तेरवीची जेवणं आटोपल्यावर मी त्या कपाटासमोर जाऊन उभा राहिलो. मंदा शेजारी आली.

"शेवटी मले म्हणत होते, सारं विकजो, पन टेम्पो साडूले देऊ नको."

"वाटलंच," मी म्हणालो.

"पन वाण तं मले भेटलं होतं ना, भाऊजी? ह्यांचं कुठून झालं?"

मी चाटच पडलो. एवढी वर्षं दोन शहाणे झुंजलो, आणि टेम्पो तिचाच! माझा हात आपोआप पुढे झाला. तिनं टेम्पो बाहेर काढला, पदरानं पुसला… आणि स्वयंपाकघरात नेऊन चहा-साखरेच्या डब्यांशेजारी ठेवून दिला.

परवा पुन्हा गेलो. आता बसणं स्वयंपाकघरातच. मंदानं चहाचं आधण ठेवलं, हात पुसले आणि टेम्पोचं तोंड माझ्याकडे वळवलं.

"आता तरी काऊन, मंदा?"

"ह्यांची सवय होती, भाऊजी. मोडवत नाई."

चहा अजिबात गोड लागला नाही.