चुकणाऱ्याचं भडंग

आमच्या शेडमागं जसं भंगार साचतं, तसे आत किस्से साचतात. कितीही काढले तरी संपत नाहीत, आणि टाकवतही नाहीत. त्यात धंदाच असा, की सांगितला की समोरचा आधी हसतो. कोल्हापूरच्या एमआयडीसीत बसून आम्ही नौदलासाठी पाण्याखाली फिरणारं यंत्र बनवतो. समुद्राच्या तळाशी पेरलेले सुरुंग शोधायचे, हे त्याचं काम. परवा एका लग्नात पावण्यांनी विचारलं, "कोल्हापुरात समुद्र कवा आला?"

म्हटलं, "यायचाय अजून. आम्ही तयारीत हाय!"

या सगळ्याच्या मुळाशी आमच्या सुजातामॅडम. मूळच्या गडहिंग्लजकडच्या. गोदीतली चांगली नोकरी सोडून आल्या आणि हे शेड टाकलं.

* * *

माझी मुलाखत त्यांनीच घेतली. पहिला प्रश्न, "पोहायला येतंय काय?"

मी आजऱ्याचा. नदी जवळच, तरी गुडघ्याच्या वर पाण्यात कधी गेलो नाही. खरं तेच सांगितलं, "न्हाय मॅडम. पाण्याची भीती वाटते." म्हटलं, गेली नोकरी!

मॅडम म्हणाल्या, "मग गळती थांबवायचं काम तुझ्याकडं. भिणारा माणूस बोल्ट दोनदा बघतो."

तेव्हापासून यंत्राची सगळी सीलं माझ्याकडं आहेत. आजवर एक थेंब आत गेलेला नाही, आणि मी अजून पोहायला शिकलेलो नाही.

* * *

यंत्राचं कागदावरचं नाव लांबलचक इंग्रजी आहे. शेडमध्ये सगळे त्याला 'म्हैस' म्हणतात, कारण एकदा पाण्यात बसली की बाहेर यायचं नाव घेत नाही.

चाचणीला समुद्र कुठला आणायचा? मॅडमनी गावाकडच्या शेजाऱ्यांची, तात्यांची विहीर मागितली. तात्यांनी अट घातली, "माझी मोटर आत पडल्या. ती आदी हुडकून द्या, मग नेव्हीचं बघा!"

म्हशीनं पहिल्याच बुडीत मोटर दाखवली. झालं! गावभर बातमी गेली. कुणाची कळशी, कुणाची घागर, कुणाच्या पोराची सायकल. प्रत्येकाची विहीर वेगळी! आम्ही वैतागलो, मॅडम मात्र खूश.

"पडद्यावर कळशी बी ठिपकाच आन् सुरुंग बी ठिपकाच. शोधा सगळं!"

उन्हाळाभर आम्ही गावाची भांडी वर काढली, आणि गाळातलं ओळखायला म्हैस तिथंच शिकली. मॅडमसारखी बुद्धी मी दुसऱ्या कुणाकडं बघितलेली नाही, उघड सांगतो.

* * *

शेडचा एक रिवाज आहे. ज्याच्याकडून चूक झाली, त्यानं चहाला भडंग आणायचं, सगळ्यांच्या पुढ्यात ठेवायचं आणि उभं राहून चूक सांगायची. बाकीच्यांनी बसून खायचं. मॅडमचं म्हणणं साधं, "तोंडात भडंग असलं की ओरडता येत न्हाय. तवर माणूस सांगून मोकळा होतो."

त्यामुळं आमच्याकडं चूक कुणी लपवत नाही. वेल्डर शौकतभाईंनी तर एकदा भडंग आणलं आणि गप्प उभे राहिले. सगळं खाऊन झाल्यावर आम्ही विचारलं, "चूक काय झाली?"

"अजून व्हायची हाय. आज अवघड वेल्डिंग हाय, ॲडव्हान्स समजा!"

* * *

मग नौदलाची चाचणी आली. कोकणात, खऱ्या समुद्रात. यात नापास झालो तर पुढचं काम नाही, आणि काम नाही तर शेडला कुलूप, हे मॅडमनी सगळ्यांना स्पष्ट सांगितलं होतं.

खाऱ्या पाण्यात वस्तू जास्त तरंगते. म्हणून म्हशीला लावायला जादा वजनाच्या प्लेटा केल्या होत्या. पण निघताना तिला एकदा तात्यांच्या विहिरीत बुडवायचं, हा मॅडमचा हट्ट. विहिरीचं पाणी गोडं, म्हणून प्लेटा काढल्या, म्हैस बुडवली, गाडीत घातली आणि घाट उतरलो. किनाऱ्याजवळ बोटीतून सोडली.

म्हैस बुडंना! बुचासारखी तरंगत राहिली.

तेवढ्यात मॅडमचा फोन वाजला. तात्यांचा आवाज आख्ख्या बोटीनं ऐकला. "मॅडम, तुमची लोखंडी ताटं हितं विहिरीवरच राहिल्यात की! गोठ्याच्या दाराला लावू काय?"

बोटीवर नौदलाचे कमांडरसाहेब होते. अलिबागकडचे, खाऱ्या पाण्यात वाढलेले. ते शांतपणे म्हणाले, "ज्यांच्या गावात समुद्र नाही, त्यांनी हे काम घेऊच नये."

मॅडमनी वाटेत खायला घेतलेलं भडंग पिशवीतून काढलं, साहेबांपुढं ठेवलं आणि उभ्या राहिल्या. "चूक माझी आहे, साहेब. विहिरीचा हट्ट माझा होता. प्लेटा मीच बघायला पाहिजे होत्या." मग आमचा रिवाजही सांगितला.

"मी ड्यूटीवर खात नाही," साहेब म्हणाले. "दुपारपर्यंत वेळ आहे."

मॅडम किनाऱ्यावर गेल्या. जाळी दुरुस्त करत बसलेल्या कोळ्यांकडून जाळ्याला लावायची शिशाची वजनं मागून आणली. ती आम्ही म्हशीच्या पोटाला बांधली. दुपारी म्हैस बुडाली, ती थेट गाळात रुतवलेल्या नकली सुरुंगापाशी जाऊन थांबली! आम्ही बोटीत नाचलो. साहेब मात्र 'निकाल नंतर कळवू' म्हणून निघून गेले.

* * *

नंतर कितीतरी दिवस काही कळलं नाही. मॅडम रोज वेळेवर येत होत्या, पण त्यांचा चहा कपातच गार व्हायचा. ते बघवत नव्हतं.

एक दिवस चहाच्याच वेळेला गेटवर पांढरी गाडी थांबली. कमांडरसाहेब उतरून सरळ आत आले. आम्ही सगळे उठलो. मॅडमही उठल्या.

"तुम्ही बसा," साहेब म्हणाले. "सगळेच बसा."

आम्ही बसलो. साहेबांनी टेबलावर भडंगाची पिशवी ठेवली, तिची गाठ सोडली, डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली आणि उभे राहिले.